ताप कुठे, दोष कुठे

बँकेतील नोकरीची सदतीस वर्षे आकड्यांच्या सहवासात गेली. निवृत्तीनंतर आकडे सुटले, पण फरक शोधण्याची खोड काही सुटली नाही. वाण्याच्या बिलात दोन रुपये इकडचे तिकडे झालेले दिसले, की आमच्या सौ. म्हणतात, “झालं! आता आज तुम्हाला झोप नाही.” या खोडीची खरी परीक्षा मात्र गेल्या उन्हाळ्यात झाली, आणि तीही एका खेळण्यापायी. त्या परीक्षेत मी उत्तीर्ण झालो की अनुत्तीर्ण, हे वाचकांनीच ठरवावे.

आमचे गाव अकोले. विदर्भातले अकोला नव्हे. प्रवरेच्या काठचे, भंडारदऱ्याच्या वाटेवरचे अकोले. नावाच्या या साम्यामुळे आमची पत्रे पूर्वी अनेकदा विदर्भाची वारी करून घरी पोहोचत. बाजारपेठेत आमचे भुसार मालाचे दुकान आहे. ते आता चिरंजीव पाहतात. मी बँकेत गेलो म्हणून दुकानापासून दूर राहिलो, आणि निवृत्त झालो म्हणून घराच्या जवळ आलो. त्या जवळिकीचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे नववीत शिकणारा माझा नातू.

हिवाळ्यात त्याच्या शाळेची सहल पाबळच्या विज्ञान आश्रमात गेली होती. पाबळ म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना पद्ममणी तीर्थ आठवेल. त्याच गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली हा आश्रम सुरू केला. काम करता करता शिकायचे, हे तिथल्या शिक्षणाचे सूत्र. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेबाहेर जगात ज्या पहिल्या काही ‘फॅब लॅब’ उभ्या राहिल्या, त्यांतील एक २००२ साली या खेड्यात आली. कुणीही यावे, यंत्रे हाताळावीत आणि मनातली वस्तू प्रत्यक्ष घडवून पाहावी, अशी ती कार्यशाळा. मुलगा तिथून परतला तो एकच वाक्य घेऊन : “आजोबा, गेम विकत कशाला घ्यायचा? मी बनवणार.”

बाजारातले तयार यंत्र काही हजारांचे होते. याचा सगळा खर्च दीड हजाराच्या आत बसणार होता. व्यापाऱ्याच्या घरात एवढे कारण पुरेसे असते. चिरंजीवांनी मान हलवून परवानगी दिली, आणि पैसे अर्थातच माझ्या पेन्शनमधून गेले.

सामान आले ते असे : ‘ईएसपी ३२’ नावाचा तळहाताएवढाही नसलेला संगणकी बोर्ड, पावणेतीन इंचांचा रंगीत पडदा, आठ बटणे, एक लिथियम सेल, तो चार्ज करण्याचा छोटा बोर्ड आणि सेलचे पावणेचार व्होल्टच्या आसपासचे दाब वाढवून पाच व्होल्ट करणारा आणखी एक तुकडा. हे सारे ‘झिरो पीसीबी’ म्हणजे नुसती भोके असलेल्या कोऱ्या पाटीवर बसवायचे आणि सोल्डरने जोडायचे. आपले सराफ दागिन्याला डाग देतात, तसेच हे काम. पेटी म्हणून त्याने सौं.चा मुखवासाचा प्लास्टिकचा चपटा डबा मागून घेतला. झाकणाला पडद्याएवढी खिडकी कापली. पंधरा दिवसांत त्या डब्यात एक ठोकळा उड्या मारू लागला आणि तो मारावा म्हणून माझाही अंगठा बटणावर फिरू लागला.

कुतूहल वाढले म्हणून मी या यंत्रांचा पूर्वेतिहास शोधून वाचला. जपानमधील निन्टेन्डो कंपनीत गुनपेई योकोई नावाचे एक अभियंता होते. आगगाडीत एक कंटाळलेला नोकरदार आपल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला त्यांना दिसला आणि त्यातून खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. १९८० साली त्यांचा ‘गेम अँड वॉच’ निघाला आणि १९८९ साली ‘गेम बॉय’. गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता, त्याला स्वतःचा उजेडही नव्हता. पण चार पेन्सिल सेलवर तो दहा तासांहून अधिक चाले. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीने रंगीत, उजळ पडद्याचा ‘गेम गिअर’ आणला. त्याला सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. बाजारात टिकला तो कमी खाणारा गेम बॉय. कॅल्क्युलेटरवर हयात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट फार आवडली. आमच्या डब्यात मात्र पुढे जे घडले, ते नेमके उलटे होते.

खेळ चालू लागला तरी तो मुका होता. नातवाला आवाज हवा होता. आवाज मोठा करण्यासाठी त्याने ‘एलएम ३८६’ नावाची आठ पायांची चिप आणली. ती जुनी, साधी आणि वीस-पंचवीस रुपयांत मिळणारी. स्पीकरसाठी पुन्हा पैसे नकोत म्हणून मी माळ्यावरचा माझा ट्रान्झिस्टर खाली काढला. नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेला तो रेडिओ कित्येक वर्षे बंदच पडला होता. मी स्वतः त्याचा स्पीकर सोडवला, तारा कापल्या आणि मोठ्या प्रेमाने नातवाच्या हाती दिला. जोडणी करताना त्याने चिपच्या माहितीपत्रकातली आकृती माझ्यापुढे धरली. “आजोबा, चिप आणि स्पीकर यांच्या मध्ये इथे एक कपॅसिटर दाखवलाय. तो आपल्याकडे नाही.” मी म्हणालो, “नसला तर नसला. तारा जोडून बघ, आवाज येतो का.” आवाज आला, आणि चांगला आला. आम्ही दोघेही खूश झालो.

त्या रात्री तो डबा पांघरुणात घेऊन झोपला. खेळता खेळता झोप लागली असणार. सूनबाई दिवा मालवायला गेल्या, तर खोलीत तापलेल्या प्लास्टिकचा वास. डबा हातात घेतला तेव्हा एका बाजूला चटका बसेल इतका तापलेला आणि तिथले प्लास्टिक मऊ पडून किंचित वाकलेले. त्याच डब्यात, जेमतेम दोन बोटांवर, लिथियम सेल होता. असा सेल फार तापला तर फुगतो, आणि आणखी तापला तर पेट घेतो. सकाळी चिरंजीव एवढेच म्हणाले, “रविवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाही तर हे भंगारात जाईल, आणि पुन्हा घरात असलं काही नको.” त्यांचे चुकीचे नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर रविवारपर्यंतही थांबलो नसतो.

वाचकहो, आता माझ्या वागण्याकडे लक्ष द्यावे. डबा उघडून सेल सुटा केला, आणि काहीही न मोजता मी निदान केले : “तुझे डाग कच्चे आहेत. कुठेतरी दोन डाग एकमेकांना चिकटलेत.” त्याने निमूटपणे त्या भागातले सगळे डाग पुन्हा दिले. ताप तसाच. “मग चिप जळाली असेल. चिप तापतेय म्हणजे चिपच खराब.” संगमनेरला जाणाऱ्या एका परिचितांकरवी दोन नव्या चिप मागवल्या. नवी चिपही पाच मिनिटांत तितकीच तापली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, चौथ्यांदा डाग देताना, मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. “आजोबा, मला जमतच नाही,” तो म्हणाला. त्या वाक्याने मी भानावर आलो. चौदा वर्षांच्या मुलाने स्वतःबद्दल असा निष्कर्ष काढावा, आणि तोही एकही आकडा न मोजता! बँकेत एखाद्या कारकुनाने असा तपास केला असता, तर मी त्याला दालनात बोलावले असते.

मी वही काढली. त्याला सांगितले, “आता आपण बॅलन्सिंग करू.”

संगणक येण्यापूर्वी बँकेत प्रत्येक खातेवहीतील शिल्लकांची बेरीज सामान्य खातेवहीतल्या एका आकड्याशी जुळवावी लागे. जुळली नाही तर फरक शोधायचा, आणि तो शोधण्याच्या ठरलेल्या वाटा होत्या. फरकाला नऊने भाग गेला, तर कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केली असण्याचा संभव. ५४ चे ४५ झाले की फरक नऊचा. फरकाचे निम्मे करून ती रक्कम दिसली, तर नावेची नोंद जमेला गेली असण्याचा संभव. यांतले काही नसेल तर खातेवहीचे भाग पाडायचे आणि एकेक भाग बाजूला काढून पाहायचे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शोध सुरू करण्याआधी असायला हवे किती, हे लिहून ठेवायचे. अपेक्षित आकडाच माहीत नसेल तर फरक कशाशी काढणार?

तेच इथे केले. प्रत्येक भागाला किती वीज लागावी, हे माहितीपत्रकांवरून नातवाने लिहिले. वाय-फाय बंद ठेवल्यास संगणकी बोर्डाला सुमारे ९० मिलिअँपिअर, पडद्याला त्यामागच्या दिव्यासह ६०, आणि आवाजाच्या चिपला, ती गप्प असताना, फक्त ४. एकूण १५४. मग पाच व्होल्टची तार एका ठिकाणी सोडवून मल्टिमीटर मध्ये जोडला, म्हणजे सगळा प्रवाह त्यातूनच जाईल. काटा नव्हे, आकडा आला : ४६०. फरक ३०६. सवयीने मी नऊने भागून पाहिले. भाग गेला, पण इथे त्याचा काही उपयोग नव्हता. तीन दिवसांत पहिल्यांदा नातू हसला.

आता एकेक भाग बाजूला काढणे. पडदा काढला, आकडा साठने उतरला, म्हणजे पडदा प्रामाणिक. तो परत लावला. बटणांच्या तारा सोडवल्या. आकडा जागचा हलला नाही. नातवाने बोर्ड पुसण्याच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ हात बोर्डावर फिरवला. जिथे ते सर्वांत आधी उडून जाते, तिथे ताप सर्वांत जास्त. अपेक्षेप्रमाणे ते चिपवरूनच आधी उडाले. चिप तर बदललेली, डाग तर नवे. उरला होता फक्त स्पीकर.

मी म्हणालो, “तो राहू दे. तो चांगला आहे, माझ्या रेडिओचा आहे.” तोंडातून शब्द गेल्यावर मलाच ते ऐकू आले. जुन्या, प्रतिष्ठित ग्राहकाचे खाते तपासायचे राहून जाते ते याच वाक्यापाशी. नातवाने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता स्पीकरची एक तार काढली. मीटरवर १५४. चिप हळूहळू निवाली.

पण स्पीकर बिघडलेला होता का? तोही नव्हता. त्याच्या वेटोळ्याचा अवरोध मोजला, तो ७.८ ओहम, आठ ओहमच्या स्पीकरला साजेसाच. तो पुन्हा जोडला आणि खेळ गप्प असताना त्याच्या दोन टोकांमधला दाब मोजला. शांततेत तो शून्य असायला हवा होता. तो निघाला २.४ व्होल्ट. २.४ ला ७.८ ने भागा : ०.३०८ अँपिअर, म्हणजे ३०८ मिलिअँपिअर. आपला फरक ३०६. बॅलन्स जुळला.

घडत होते ते असे. या चिपचे बाहेर पडणारे टोक पाच व्होल्टच्या साधारण मध्यावर विसावलेले असते. आवाजाची लहर वर आणि खाली दोन्हीकडे मोकळेपणी जावी, म्हणून. ते मधले अडीचएक व्होल्ट स्पीकरपर्यंत पोहोचू नयेत यासाठी वाटेत कपॅसिटर बसवतात. कपॅसिटरचा गुण असा, की तो हालचाल जाऊ देतो आणि एकाच दिशेने सतत वाहणारा स्थिर प्रवाह अडवतो. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर उलाढाल जाऊ देतो, भांडवलाची गळती थांबवतो. आमच्या डब्यात तो नसल्यामुळे खेळ गप्प असतानाही स्पीकरमधून वीज अखंड वाहत होती. स्पीकर बोलत नव्हता. नुसता खात होता. तो वाढीव प्रवाह चिपमधून जात असल्याने ताप चिपवर दिसत होता. एकूण दीड वॅट वाया जात होते. देवघरातला छोटा एलईडी दिवा अर्ध्या वॅटचा असतो. तसे तीन दिवे मुखवासाच्या बंद डब्यात अहोरात्र जळावेत, असे ते होते.

वाया गेलेली वीज नाहीशी होत नाही, ती उष्णता म्हणून हजर होते. मँचेस्टरजवळच्या एका कारखानदार घराण्यातील जेम्स जूल यांनी १८४० च्या सुमारास याचा हिशेब मांडला. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर ताप चौपट. भंडारदऱ्याच्या पाण्यावर आमच्या तालुक्यात वीज तयार होते. वीजकेंद्रातून निघणारी वीज मोठ्या मनोऱ्यांवरून एवढ्या प्रचंड दाबाने का पाठवतात, याचे कारणही हेच. दाब वाढवला की तेवढीच शक्ती कमी प्रवाहात जाते आणि वाटेतली गळती उतरते. लहानपणापासून पाहिलेल्या त्या मनोऱ्यांचा अर्थ मला पासष्टी ओलांडल्यावर एका डब्यामुळे कळला.

नातू धावत माळ्यावर गेला आणि रेडिओचा सांगाडा घेऊन आला. त्यातल्या पाटीवर, मी कापलेल्या तारेच्या बुडाशी, तो होता : नळकांड्यासारखा छोटा कपॅसिटर. मी तार त्याच्या पुढे कापली होती आणि त्याला तिथेच सोडून दिले होते. तो इतक्या वर्षांत आतून सुकलेला असणार म्हणून वापरला नाही. २२० मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटर काही रुपयांत मिळाला. त्याची धन बाजू चिपकडे आणि ऋण बाजू स्पीकरकडे, हे नातवाने दोनदा तपासून बसवला. मीटरवर १५५. आवाज पूर्वीइतकाच. अर्ध्या तासाने चिपवर बोट ठेवले, तर ती जेमतेम कोमट.

शनिवारी रात्री चिरंजीवांच्या हातात डबा दिला. त्यांनी तो गालाला लावून पाहिला, चार उड्या मारल्या, पाचवीला हरले आणि म्हणाले, “ठीक आहे.” त्यांच्या अटी मात्र आम्ही मान्य केल्या, आणि त्या प्रत्येक घरात पाळण्यासारख्या आहेत म्हणून इथे देतो. लिथियम सेल संरक्षक सर्किटसहच वापरायचा. चार्जिंग फरशीवर, कुणीतरी जागे असताना आणि खेळ बंद ठेवून करायचे. यंत्र पांघरुणात वा उशीखाली न्यायचे नाही. सेल फुगलेला दिसला तर तो दाबायचा नाही, भोक पाडायचे नाही, पुन्हा चार्ज करायचा नाही, ई-कचऱ्यात द्यायचा. डब्याला दोन्ही बाजूंनी हवेची भोके पाडली. खेळण्यालाच नव्हे, मोबाइल आणि पॉवर बँकेलाही यातले बहुतेक नियम लागू आहेत.

आता खरी गोष्ट. वहीत तपासाचे सगळे आकडे नातवाच्या अक्षरात होते. शेवटी त्याने लिहिले : ‘दोष : कपॅसिटर बसवला नव्हता. दुरुस्ती : बसवला.’ मी वही मागून घेतली. “हे अपुरं आहे,” म्हणालो. “कपॅसिटर हवा हे तू सांगितलं होतंस. नको म्हणालो तो मी. आणि नंतर तीन दिवस तुझ्या डागांना दोष दिला, तोही मीच. तसं लिही.” तो लिहायला तयार होईना. “असू दे ना आजोबा.” शेवटी मीच लिहिले, आणि बँकेत खाडाखोडीपुढे करतो तशी तारीख घालून खाली सही केली.

सही करताना हात थांबला. कारण अशीच एक सही मी ३९ वर्षांपूर्वी केली नव्हती.

१९८६ च्या जूनअखेरची सहामाही. एका शाखेत मी नवा अधिकारी होतो. बचत खात्यांच्या वहीत २,७०० रुपयांचा फरक निघाला. ती वही एका तरुण कारकुनाकडे होती. खेड्यातून आलेला, अबोल, अजून कायमही न झालेला. फरक त्याच्या वहीत दिसला, म्हणून चूक त्याची, असे सर्वांनी धरले. मीही धरले. तो अकरा रात्री थांबून बेरजा करत राहिला. त्याच्या अहवालात ‘कामात पुरेशी काळजी घेत नाहीत’ असा शेरा गेला, आणि तो माझ्या शिफारशीने गेला. बाराव्या दिवशी मी व्हाउचरचे गठ्ठे स्वतः चाळले. २,७०० ला नऊने भाग जातो, म्हणून अदलाबदल झालेले आकडे शोधत होतो. सापडले. ७,४५० च्या जागी ४,७५० लिहिलेले जमेचे व्हाउचर. अक्षर माझे होते. त्या मुलाने समोर आलेला आकडा इमानाने वहीत उतरवला होता.

दुरुस्तीची नोंद मी त्याच दिवशी केली. व्यवस्थापकांना सांगितले, “फरक सापडला. पोस्टिंगची चूक होती.” वाक्यात खोटा शब्द म्हणावा तर एकच होता, आणि तो नेमका त्याच्याकडे बोट दाखवणारा होता. शेरा फाइलमध्ये राहिला. माझी बदली झाली, बढत्या झाल्या. ताप त्याच्या वहीवर दिसला आणि दोष माझ्या लेखणीत होता. पण बँकेच्या दप्तरात ताप आणि दोष यांचा पत्ता एकच लिहिला गेला.

दरवर्षी संवत्सरीला आम्ही ‘मिच्छामि दुक्कडम्’ची कार्डे पाठवत असू. व्याही, भाचे, व्यापारी, बँकेतले वरिष्ठ, अशी शे-दीडशे नावांची यादी होती. ज्यांचे मी काही वाईट केलेच नव्हते, अशांचीच ती बहुतेक नावे. ज्याचे केले होते, त्याचे नाव त्या यादीत कधी आले नाही.

निवृत्तांच्या संघटनेतील एका स्नेह्याकडून मी त्याचा फोन नंबर मिळवला. तोही आता निवृत्त झाला आहे. दोन दिवस नंबर दाबायचे धैर्य झाले नाही. तिसऱ्या दिवशी नातू शाळेत गेल्यावर दाबला. नाव सांगताच त्यांनी ओळखले. मी सगळे सांगितले : व्हाउचर, अक्षर, शेरा आणि तो एक शब्द. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “साहेब, मी असं समजत होतो, की माझंच काहीतरी चुकलं असणार. पुढची सगळी नोकरी प्रत्येक आकडा दोनदा तपासत काढली मी.”

मी म्हणालो, “तुमचं काही चुकलं नव्हतं.”

“आता कळलं,” ते म्हणाले. “बरं केलंत सांगितलंत.” आणि मग, विषय बदलावा तसे, त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

फोन ठेवल्यावर मला हलके वाटले असे लिहिले तर ते खरे होणार नाही. एका माणसाने स्वतःवरचा विश्वास इतकी वर्षे माझ्या चुकीखाली दाबून ठेवला, याची भरपाई एका फोनने होत नाही. ‘मला जमतच नाही,’ असे नातू तिसऱ्याच दिवशी मोठ्याने म्हणाला म्हणून मी सावध झालो. तो मुलगा मोठ्याने म्हणाला नव्हता, एवढाच काय तो फरक. आणि हा फरक कोणत्याही वहीत दिसत नाही.

व्यापार असो, बँक असो वा घर, जिथे चटका बसतो तिथे आपण चटकन बोट ठेवतो : गल्ल्यावर बसलेला नोकर, वही लिहिणारा मुनीम, कमी गुण मिळवणारे मूल. बोट ठेवण्यापूर्वी असायला हवे किती आणि आहे किती हे मोजावे, आणि एकेक भाग बाजूला काढताना आपला स्वतःचा भागही एकदा काढून पाहावा. एवढे मी एका मुखवासाच्या डब्याकडून शिकलो. सौं.नी आता मुखवासासाठी नवा डबा आणला आहे. जुन्या डब्यातला ठोकळा रोज संध्याकाळी उड्या मारतो, आणि मी तो अधूनमधून गालाला लावून पाहतो.